आडनावाला नको, वाक्याला उत्तर द्या

निवडणूक जवळ आली की एक फॉरवर्ड हमखास येतो. विरोधी पक्षांचे दोन नेते कुठल्यातरी लग्नात शेजारी शेजारी बसून हसतायत असा फोटो, आणि खाली मजकूर, की बघा, हे लोक एका पंगतीत जेवतात आणि तुम्ही यांच्यापायी ओळख ना पाळख अशा माणसांशी कमेंटमध्ये आईबहिणीवरून भांडता, सोडा हे राजकारण, आपली माणसं जपा. त्याखाली हात जोडलेले पन्नास इमोजी. मला हा फॉरवर्ड तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आलाय आणि तिन्ही ठिकाणी त्यावरचा वाद एकाच वळणाने गेला. अर्धे म्हणाले अगदी बरोबर, राजकारण हवंच कशाला, आणि उरलेले म्हणाले मग काय गप्प बसायचं का, लोकशाही आहे, ज्याला सोसत नाही त्याने वाचू नये. मला दोघांचंही पटत नाही, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अनोळखी माणसाशी राजकारणावरून भांडणं यात वाईट काही नाही, उलट आपल्याकडे ते पुरेसं होतच नाही, कारण कमेंटमध्ये आपण जे करतो त्याला भांडणसुद्धा म्हणता येत नाही. भांडायचं तर समोरचा काय म्हणतोय ते निदान ऐकावं लागतं. आपण ते ऐकायच्या आधीच तो कुणाचा माणूस आहे हे शोधतो, त्याला त्या कळपात ढकलतो आणि मग कळपाला शिव्या घालतो. बिघाड इथे आहे. आवाज चढण्यात बिघाड नाही.

आता फॉरवर्डवाल्यांची बाजू. त्यांच्याकडे पुरावा भक्कम आहे हे मान्यच करायला हवं. २०१९ च्या ऑक्टोबरात शिवसेना आणि भाजप एकत्र लढले, आणि २३ नोव्हेंबरच्या पहाटे फडणवीस आणि अजित पवारांनी शपथ घेतली, ते सरकार चार दिवसही टिकलं नाही, आणि २८ तारखेला उद्धव ठाकऱ्यांनी काँग्रेस-राष्ट्रवादीला बरोबर घेऊन शिवाजी पार्कवर शपथ घेतली. एका महिन्यात कोण कुणाचा शत्रू हे तीनदा बदललं. मग जून २०२२ ला शिवसेना फुटली, जुलै २०२३ ला राष्ट्रवादी फुटली, आणि ५ डिसेंबर २०२४ ला आझाद मैदानावर फडणवीस, शिंदे, अजित पवार एकाच मंचावर. मनसे निघाली २००६ ला, म्हणजे जवळजवळ वीस वर्षं सेनेच्या आणि मनसेच्या पोरांनी एकमेकांना काय काय म्हटलं ते आपण सगळ्यांनी वाचलंय, आणि ५ जुलै २०२५ ला वरळीत राज आणि उद्धव एकत्र आले. नेत्याला बाजू बदलायला एक पत्रकार परिषद पुरते. माझ्या माहितीतले दोन आतेमामेभाऊ मात्र २०१४ च्या एका कमेंटवरून अजून बोलत नाहीत, मधल्या काळात दोघांचे पक्ष एकदा युतीत होते, एकदा विरोधात, आता त्यातल्या एकाचे दोन तुकडे झालेत, आणि या दोघांनी एकमेकांच्या घरची लग्नं चुकवली. याचं मला खरंच वाईट वाटतं, आणि हा फॉरवर्ड ज्यांच्या मनाला भिडतो त्यांना मी खुळं समजत नाही.

पण या पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. राजकारण म्हणजे नेते, आणि नेते खोटे म्हणून राजकारणही खोटं, असं त्यात धरून चाललंय. ती वरळीची सभा कशावरून झाली ते आठवा. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे दोन शासन निर्णय, एक १६ एप्रिलचा आणि एक १७ जूनचा, आणि २९ जूनला सरकारने दोन्ही मागे घेतले. त्या दोन-अडीच महिन्यांत पालक, शिक्षक, भाषेचे अभ्यासक, ज्यांनी आयुष्यात कधी राजकीय पोस्ट टाकली नव्हती असे लोक, सगळे बोलत होते, आणि सहा वर्षांच्या पोराने तीन भाषा शिकाव्यात की नाही यावर अनोळखी माणसांशी वाद घालत होते. नेते एका पंगतीत जेवतात म्हणून पहिलीतल्या पोराच्या दप्तराचा प्रश्न खोटा ठरतो का? नेते उद्या पुन्हा वेगळे होतील, दप्तर तिथेच राहणार आहे. "सोडा हे राजकारण" म्हणणं ज्याला परवडतं तो म्हणतो, ज्याच्या पोराच्या शाळेचा, शेताच्या पाण्याचा, नोकरीच्या आरक्षणाचा निकाल त्या राजकारणात लागणार आहे त्याने ते सोडून जायचं कुठे?

दुसरी एक गोष्ट या वादात नेहमी ऐकू येते, की पूर्वी आपल्याकडे वाद सुसंस्कृत होते, हे सगळं मोबाइलने बिघडवलं. हे साफ खोटं आहे. याच पुण्यात आगरकर जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली होती लोकांनी. सावित्रीबाई शाळेत जाताना त्यांच्या अंगावर शेण फेकलं. १८९० मध्ये पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चाळीसेक मंडळी चहाला गेली, त्यात टिळक होते, रानडे होते, आणि गोपाळराव जोश्यांनी त्या सगळ्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली. आजच्या भाषेत स्क्रीनशॉट व्हायरल केला. त्यावरून वाळीत टाकणं, शंकराचार्यांपर्यंत तक्रारी, प्रायश्चित्तं, सगळं झालं, गावात कितीतरी दिवस चर्चा कुणी चहा प्यायला याचीच, चहा प्यायल्याने नेमकं काय बिघडतं हा प्रश्न बाजूलाच राहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या काळात अत्र्यांनी 'मराठा'तून विरोधकांना जे काही लिहिलं त्यातलं बरंचसं आज कुणी फेसबुकवर टाकलं तर अकाउंट जाईल. आपण कधीच मऊ बोलणारी माणसं नव्हतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

मग फरक कुठे पडला? १८९१ चा संमतीवयाचा कायदा घ्या. मुलीशी शरीरसंबंधाचं किमान वय दहावरून बारा करायचं होतं, त्याच्या आधी कलकत्त्यात फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या बळजबरीने मेली होती. टिळकांनी कायद्याला विरोध केला. पण त्यांचं म्हणणं "लहानपणी लग्नं लावा" असं नव्हतं, परक्या सरकारने कायद्याने आमच्या चालीरीतींत हात घालू नये असं होतं, आणि त्यांनी उलट प्रस्ताव ठेवला होता, की ज्यांना सुधारणा हवीय त्यांनी आधी स्वतःला बांधून घ्यावं, मुलीचं लग्न सोळाच्या आधी आणि मुलाचं विसाच्या आधी करणार नाही म्हणून. मला हे उत्तर अपुरं वाटतं, कारण जो बाप सही करणार नाही त्याच्या पोरीचं काय, हा प्रश्न तसाच उरतो. मी कायद्याला पाठिंबा देणाऱ्या आगरकरांच्या बाजूचा आहे. पण बघा, दोन्हीकडे म्हणणं काय आहे ते मला सव्वाशे वर्षांनंतरसुद्धा सांगता येतंय, कारण त्यांना एकमेकांचा मुद्दा मांडल्याशिवाय तो खोडता येत नव्हता. आज हाच वाद झाला असता तर? एकीकडे "सनातनी", दुसरीकडे "ब्रिटिशांचे दलाल", आणि सव्वाशे वर्षांनी कुणी ती कमेंट वाचली तर त्या पोरीचं वय काय होतं हेसुद्धा त्यातून कळलं नसतं.

एक प्रसंग सांगतो, यात चूक माझी आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापुरातला एक चेक व्हायरल झाला होता, आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा सत्तरेक किलोमीटरवरच्या सोलापूरच्या बाजारात नेला, भाव मिळाला किलोला एक रुपया, म्हणजे झाले ५१२ रुपये. त्यातून भाडं, हमाली, तोलाई असे ५०९ रुपये ५१ पैसे कापले गेले आणि हातात आला दोन रुपयांचा चेक, तोही पुढच्या तारखेचा. त्या फोटोखाली जे चाललं होतं ते मी रात्री अकराला बिछान्यात पडून वाचत होतो. एक गट म्हणत होता सरकार मेलं, दुसरा म्हणत होता नाटक आहे, निवडणुकीची तयारी. व्यापाऱ्याने सांगितलं होतं की माल हलक्या प्रतीचा होता, ते मी कुठेतरी वाचलेलं, म्हणून मी लिहिलं, "माल खराब असेल तर भाव कसा मिळणार, आणला कशाला मग बाजारात." दोन मिनिटांत एकाचं उत्तर आलं, एसीत बसून अक्कल शिकवू नको, आणि पुढे माझ्या आईवर. मी त्याचा प्रोफाइल उघडला, एका नेत्याबरोबर सेल्फी दिसला, आणि मी लिहिलं की तुमच्या साहेबांचे साखर कारखाने बघा आधी. त्याने माझ्या आडनावावरून माझ्या जातीला ओढलं. मीही त्याच्या आडनावाकडे बघितलं. पुढच्या अर्ध्या तासात आम्ही दोघांनी मिळून सतरा-अठरा कमेंट केल्या असतील, त्यात कांदा हा शब्द एकदाही आला नाही.

मध्ये तिसऱ्याच एका पोराने एक कमेंट टाकली होती. प्रोफाइलवर ट्रॅक्टरचा फोटो, नाव मला आता आठवत नाही. त्याने मलाच उत्तर दिलं होतं आणि सुरुवात अशी केली होती, की दादा तुम्ही म्हणता तसा माल हलका असेल हे खरं असू शकतं. मग त्याने लिहिलं होतं, की फेब्रुवारीत जो येतो तो लेट खरीपाचा, म्हणजे रांगडा कांदा, तो टिकत नाही, उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत भरून चार-पाच महिने ठेवता येत नाही, काढला की विकायचा नाहीतर सडवायचा, आणि रान रिकामं करायला तर काढावाच लागतो. हलका माल घरी ठेवला तरी त्याची मजुरी गेलेलीच असते, बाजारात नेला तर निदान विक्रीची पट्टी हातात येते. शेवटी म्हणाला, भाव का पडला ते वेगळं, पण "आणला कशाला" याचं उत्तर एवढंच आहे. बास. कुणाचं नाव नाही, सरकारचं नाही, माझ्या जातीचं नाही. मी कांदा रोज खातो आणि त्याच्यात रांगडा आणि उन्हाळ असा फरक असतो हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी एका अनोळखी पोराने सांगितलं. फॉरवर्डवाल्यांचं ऐकून मी कमेंट वाचायचं सोडलं असतं तर मला हे कुणी सांगितलं असतं? माझ्या ऑफिसात, सोसायटीत, मित्रांत कांदा पिकवणारा एकही माणूस नाही. शहरातला माणूस आणि येवल्याचा, करमाळ्याचा, बार्शीचा माणूस एका मुद्द्यावर समोरासमोर येतात अशा जागा उरल्यात किती? एसटीत पूर्वी यायचे, आता तिथेही सगळे कानात इअरफोन घालून बसतात.

तो पोरगा नम्र होता एवढ्यावरून मी हे म्हणत नाहीये. तो तिखट बोलला असता तरी चाललं असतं. त्याने माझं वाक्य धरलं, हे महत्त्वाचं. शिव्या देणाऱ्याने माझी जागा धरली आणि मी त्याची. आपल्याकडे हे किती खोल गेलंय बघा. भक्त, अंधभक्त, चमचा, गुलाम, फुरोगामी, पेड, गद्दार, या शब्दांना आता काही अर्थ उरलेला नाही, समोरच्याचं पुढचं वाक्य वाचायची गरज नाही अशी पाटी लावायला ते वापरतात. आणि पाटी लावायला जे सगळ्यात सोपं पडतं ते आडनाव. मराठा-ओबीसी आरक्षणाच्या वादात तर मुद्दा काय मांडलाय हे बघायच्या आधी लोक आडनाव बघतात, आडनावावरून कळलं नाही तर जिल्हा विचारतात, तालुका विचारतात. हे स्क्रीनवर राहत नाही. बीडमध्ये २०२५ साली पोलिसांच्या टेबलांवरच्या पाट्यांवरून आडनावं काढून नुसती पहिली नावं लिहायची वेळ आली, कारण समोर वर्दीतला माणूस आहे की अमुक जातीचा माणूस आहे हे लोक आडनावावरून ठरवायला लागले होते. ज्या समाजात फिर्याद द्यायला आलेला माणूसही आधी पाटीवरचं आडनाव वाचतो तिथे "कमेंटमधली भांडणं काय मनावर घ्यायची" असं म्हणणाऱ्यांना मला विचारायचंय, की मग ही सवय आली कुठून आणि मुरतेय कुठे?

आपल्या परंपरेत याला एक शब्द आहे, पूर्वपक्ष. शास्त्रार्थाला बसलेल्याने आधी विरोधकाचं म्हणणं मांडायचं, आणि ते विरोधकाने मान डोलवावी असं मांडायचं, मग स्वतःचं उत्तर. चार्वाकांचे ग्रंथ बहुतेक नाहीसे झाले, तरी ते काय म्हणत होते हे आज आपल्याला माहितीय, कारण त्यांना खोडणाऱ्यांनी ते लिहून ठेवलं. त्यांनीही टिंगल केली, मोडतोड केली असणारच, पण निदान मुद्दा मांडला. जुन्या सभांमध्ये सगळ्यांना बसायला जागा नव्हती हेही मला माहितीय, त्यामुळे ती परंपरा डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही, पण ही एक रीत उचलण्यासारखी आहे.

इथे मला सगळ्यात कठीण वाटणारा आक्षेप येतो. तो असा, की ज्याला पिढ्यानपिढ्या तुडवलंय त्याला तुम्ही सांगताय आधी तुडवणाऱ्याची बाजू नीट मांड? सभ्यतेचा आग्रह हा नेहमी सुखवस्तू माणसाच्या सोयीचा असतो, रागावलेल्या माणसाला "नीट बोल" म्हणणं म्हणजे त्याला गप्प करणं. यात खूप तथ्य आहे, आणि अशा "नीट बोला"वाल्यांनी किती प्रश्न दाबलेत ते मी पाहिलंय. पण बाबासाहेबांकडे बघा. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांना अधिवेशनाचं अध्यक्ष केलं, मग भाषणाचा मसुदा बघून घाबरले आणि मजकूर बदला म्हणाले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही म्हणून कळवलं, अधिवेशन रद्द झालं, त्यांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं. त्यावर गांधींनी 'हरिजन'मध्ये टीका केली. पुढच्या वर्षी दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी काय केलं? गांधींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली, आणि तिच्यापुढे आपलं उत्तर. ते उत्तर मवाळ आहे का? अजिबात नाही, आजही वाचताना चटका बसतो. पण वाचणाऱ्यासमोर दोन्ही कागद ठेवलेत, आता तूच ठरव. याच माणसाच्या पुढाकाराने दहा वर्षं आधी, २५ डिसेंबर १९२७ ला, महाडला मनुस्मृती जाळली गेली होती, त्यामुळे ते मऊपणामुळे असं वागले असं कुणी म्हणू शकणार नाही. आपला मुद्दा इतका खरा आहे की विरोधकाचं पूर्ण म्हणणं शेजारी ठेवलं तरी तो हलत नाही, हा विश्वास त्यात दिसतो. विरोधकाचा स्क्रीनशॉट अर्धा कापून टाकणाऱ्याकडे तो विश्वास नसतो, म्हणून तर तो कापतो.

बरं, कमेंट वाचून कुणाचं मत बदलतं का, हे विचारणारे बरेच आहेत. ज्याच्याशी भांडताय त्याचं बहुतेक नाही बदलत, मान्य. पण तो एकटाच वाचतोय का? लिहिणारे चार असतात आणि वाचणारे चारशे, ज्यांनी अजून काही ठरवलेलं नाही, जे लाइकसुद्धा करत नाहीत. कोर्टात वकील समोरच्या वकिलाला पटवायला बोलत नाही. कांद्याच्या त्या धाग्यात मी त्या पोराला उलट काही उत्तर दिलं नाही, माझी चूक झाली असंही तिथे लिहिलं नाही, तेवढा मनाचा मोठेपणा त्या रात्री माझ्यात नव्हता, तेव्हा त्याला वाटलं असेल की लिहून काही फायदा झाला नाही. आज मी ते तुम्हाला सांगतोय.

कंपन्यांचा मुद्दाही खरा आहे आणि तो हलका नाही. फेसबुकने २०१७ मध्ये रागाच्या इमोजीला साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, पुढे २०२० मध्ये त्यांनी रागाचं वजन शून्यावर आणलं, हे २०२१ मध्ये बाहेर आलेल्या कागदपत्रांतून कळलं. म्हणजे आपला राग कुणीतरी मोजत होतं आणि वर सरकवत होतं. त्यात पक्षांचे आयटी सेल, ठरवून एकच मजकूर शंभर ठिकाणी चिकटवणारे. या सगळ्यात साधा माणूस काय करणार? एक सांगतो, आपण उठून गेलो म्हणून ते यंत्र बंद पडत नाही, तिथे मग फक्त पगारी आणि पिसाळलेले लोक उरतात, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं महाराष्ट्र असाच आहे. मी आता एका माणसाला एकदाच उत्तर देतो, फार तर दोनदा. एकच मजकूर चार ठिकाणी दिसला तर अजिबात देत नाही. तिसऱ्यांदा लिहावंसं वाटलं की मी त्याच्याशी बोलत नसतो, स्वतःचा राग शांत करत असतो, एवढं मला कळायला लागलंय.

मग कडक कायदा करा, खोटी नावं बंद करा, असं म्हणणाऱ्यांनी पालघर आठवावं. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेबांच्या निधनानंतर मुंबई बंद होती, एका मुलीने फेसबुकवर विचारलं की बंद कशासाठी, दुसरीने ते नुसतं लाइक केलं. दोघींना अटक झाली, एकीच्या काकांचा दवाखाना फोडला. वापरलेल्या कायद्यात आयटी कायद्याचं कलम ६६अ होतं, जे सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि रद्द झाल्यावरही पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले, २०२१ मध्ये कोर्टालाच त्याचा धक्का बसला. असा कायदा ट्रोलवर चालत नाही, जो एकटा असतो त्याच्यावर चालतो. खोट्या नावांचं म्हणाल तर मला आईवरून शिव्या देणाऱ्याचं नाव, फोटो, बायकोपोरं, गाडीचा नंबर, सगळं प्रोफाइलवर उघडं होतं. दक्षिण कोरियाने २००७ मध्ये खरी ओळख सक्तीची करून पाहिली, २०१२ मध्ये त्यांच्याच संविधान न्यायालयाने ती मोडीत काढली. आणि आपल्याकडे १८४८ पासून 'प्रभाकर'मध्ये ब्राह्मणी रूढींवर सडकून लिहिणारे लोकहितवादी कोण होते? गोपाळ हरी देशमुख, सरकारी नोकर. टोपणनाव नसतं तर ती पत्रं लिहिली गेली असती का?

बायकांच्या बाबतीत मात्र मी "टिकून राहा, वाद घाला" असं म्हणणार नाही. पुरुषाने राजकीय मत मांडलं तर त्याला शिवी मिळते, बाईने मांडलं तर तिला बलात्काराची धमकी येते, तिच्या मुलीचा फोटो उचलून टाकतात. तिने ब्लॉक केलं, कमेंट बंद केल्या, निघून गेली, तर तो पळपुटेपणा म्हणणाऱ्याला परिस्थिती माहितीच नाही. धमकी हा गुन्हा आहे, आजच्या कायद्यातही आहे, त्याला नवा कायदा लागत नाही, तक्रार घेणारा पोलीस लागतो. पण त्याच्याही आधी, त्या धाग्यात तिच्याच मताचे वीस पुरुष असतात, ते काय करतात? मुद्द्यावर तावातावाने लिहितात आणि मधली धमकी वाचून पुढे सरकतात. तिथे थांबून "हे काढ" एवढं लिहायला काय लागतं? आणि धमकी देणारा आपल्या बाजूचा असेल तर आपणच लिहायला हवं, कारण आपलं तो ऐकण्याची थोडी तरी शक्यता असते.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "राजकीय पोस्ट टाकू नये" असा नियम आहे, वर पिन करून ठेवलाय. गेल्या उन्हाळ्यात टँकरचं बिल दुप्पट आलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, की पाणीपट्टी आपण महापालिकेला भरतो, मग टँकर विकत का घ्यायचा, आणि शेजारच्या सोसायटीत नळाला पाणी येतं ते कसं. तासाभरात पोस्ट गायब. मी ॲडमिनला फोन केला, आमचे जुने शेजारी आहेत, चांगला माणूस आहे. म्हटलं, काका, पाण्याची पोस्ट का काढलीत. ते म्हणाले, अरे, त्याखाली लगेच याने काय केलं नि त्याने काय केलं सुरू झालं असतं, पक्षांची नावं आली असती. मी म्हटलं, येऊ देत ना, पाण्यावर बोलताना ती यायलाच हवीत. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, भांडणं झाली तर तू सांभाळशील का? मी हो म्हटलंय. काकूंनी त्याच रात्री परत पोस्ट टाकली.